अनुभव नको

टाचणी उपसताना ती ताईंच्या अंगठ्यात घुसली, आणि त्याच वेळी मागून कोणीतरी म्हणालं, "अहो, ती चिठ्ठी काढू नका."

अंगठा तोंडात धरूनच ताईंनी मागे पाहिलं. निळी पिशवी छातीशी धरलेली एक बाई उभी होती. चाळिशी उलटलेली, केस पाणी लावून चापून बसवलेले. वाचनालय उघडून दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

"खोटी आहे ती," ताई म्हणाल्या. "खोट्या जाहिराती आम्ही इथे ठेवत नाही."

जिन्याखालचा तो फलक पहिल्यांदाच काम शोधणाऱ्यांसाठी होता. शिकाऊ जागा, प्रशिक्षण, पहिली नोकरी. कोणीही येऊन चिठ्ठी लावून जाई, आणि वाचनालयाच्या ताई ती पडताळून पाहत. वाचायला येणारी मुलं त्यांना चाळणीताई म्हणत. तोंडावर नाही, पण ताईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. त्यांची पद्धत साधी होती. जाहिरातीतल्या नंबरावर फोन करायचा आणि विचारायचं, नव्या माणसानं डबा कुठे ठेवायचा? खऱ्या ठिकाणी कोणीतरी चटकन सांगतं, कपाटावर ठेवा, नाहीतर टेबलाखाली. खोट्या ठिकाणचा माणूस आधी गप्प होतो आणि मग म्हणतो, "सगळी उत्तम व्यवस्था आहे." उत्तम व्यवस्था ऐकली की ताई लाल पेनाचं टोपण काढत.

चार वर्षांपूर्वी एकदा त्यांनी कंटाळा केला होता. फोन न करताच चिठ्ठी राहू दिली, आणि तीन मुलींची मूळ प्रमाणपत्रं घेऊन एक ऑफिस रातोरात गायब झालं. तेव्हापासून ताई ताकही फुंकून पीत होत्या. कधीकधी पाणीसुद्धा.

"वाचा तुम्हीच," त्यांनी चिठ्ठी पुढे केली.

कवळ्या तयार करण्याचं काम शिकवणार. एक जागा. अनुभव नको. बुधवारपर्यंत या. खाली पत्ता आणि नंबर. आज बुधवार होता.

"अनुभवाची अट नाही, असं लिहितात लोक," ताई म्हणाल्या. "नको कोण लिहितं? ज्याला काहीच न कळणारी पोरगी हवी आहे, तो. आणि फोन केला सहा वेळा. उचलतच नाहीत."

"पण ताई, बाकी सगळ्यांना अनुभव पाहिजे. तो माझ्याकडे नाही. इथे त्यांना तो नकोच आहे. नसण्याच्या बाबतीत माझा हात कोणी धरणार नाही."

ताईंना हसू आलं, आणि हसल्यावर तिला खुर्ची देणं भागच होतं.

तिनं थोडक्यात सांगितलं. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. त्यानंतर ती दिरांच्या घरी सासूबाईंचं करत होती. सासूबाईंची कवळी धड बसायची नाही, टोचायची. शेवटची दोन वर्षं त्यांनी ती वाटीतच ठेवली. चारचौघांत जेवायची वेळ आली की त्या तोंड भिंतीकडे फिरवत. गेल्या महिन्यात त्या गेल्या.

"आता मोठ्या जावेची आई अंथरुणाला खिळली आहे. सगळे म्हणाले, तू मोकळीच आहेस, तिकडे जाऊन राहा. संध्याकाळी जाऊबाई येणार आहेत मला न्यायला." ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. "वाईट नाहीत हो कोणी. पण एकदा गेले की झालं. त्यांच्यानंतर आणखी कोणीतरी आजारी असेलच. मला तोंडात न टोचणारी कवळी करायला शिकायचं आहे. पत्ता उतरवून घेतलाय मी, जाऊनच बघते."

"एकटीनं? मुळीच नाही," ताई उठल्या. "आधी मी जाते. तुम्ही इथेच बसा."

"मी येते ना बरोबर."

"मी बघून आल्याशिवाय कोणी जायचं नाही. नियम आहे."

असा नियम काही नव्हता, तो ताईंनी तिथेच केला. मदतनीस बाईंकडे किल्ल्या देऊन त्या निघाल्या.

पत्ता सायकलच्या दुकानावरचा निघाला. जिना अरुंद, आणि त्याच्या कठड्यावर पांढरी धूळ. वर एका लांबट खोलीत जबड्यांचे साचे ओळीनं मांडले होते. दोन बायका खिडकीशी बसून मेणाच्या हिरड्या कोरत होत्या, आणि कोपरापर्यंत प्लास्टरनं माखलेला एक पिकल्या मिशांचा माणूस घमेल्यात काहीतरी घोटत होता. फळीवरचा फोन वाजू लागला. कोणी हललं नाही.

"फोन वाजतोय," ताई म्हणाल्या.

"वाजू दे. या हातांनी उचलला तर कानाला चिकटेल. आणि घोटणं मध्येच थांबवलं की प्लास्टर दगड होतं. दुपारी बघतो मी. बसा. वरचे दात की खालचे?"

"माझे माझेच आहेत अजून. चिठ्ठीबद्दल आले. अनुभव नको, म्हणजे काय?"

"नको म्हणजे नकोच." त्यानं हात पुसले आणि दोन कवळ्या त्यांच्यासमोर ठेवल्या. एकीचे दात शुभ्र, एकसारखे. दुसरीचे किंचित पिवळसर, समोरचा एक जरासा तिरका. "ही पहिली शिकून आलेल्या माणसानं केलेली. बघायला झकास. पण सत्तर वर्षांच्या आजींच्या तोंडात असे दात असतात कुठे? नातवंडं ओळखायची नाहीत. ही सवय मोडायला मला वर्ष लागतं, शिकवायला सहा महिने पुरतात. म्हणून अनुभव नको." मग तो स्वतःवरच खूश होत म्हणाला, "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. आमचं तिघांचं भरतंय की!"

खिडकीतल्या बायका हसल्या. हा विनोद त्यांनी शंभर वेळा ऐकला असावा.

"नव्या बाईनं डबा कुठे ठेवायचा?" ताईंनी विचारलं.

"त्या वरच्या फळीवर," दोघी एकदमच म्हणाल्या. "पण झाकण घट्ट पाहिजे, नाहीतर भाजीत प्लास्टर."

ताईंचा जीव अर्धा भांड्यात पडला. उरलेल्या अर्ध्यासाठी त्यांनी भिंतीवरचा परवाना वाचला, दोघींना जिन्यात बाजूला घेऊन चार प्रश्न विचारले, आणि संडासाच्या दाराला आतून कडी आहे ना तेही लावून पाहिलं.

"चिठ्ठी तीनदा लावली मी त्या फलकावर," मिशीवाले त्यांना दारापर्यंत सोडताना कुरकुरले. "कोणीतरी मेलं काढून टाकतं. एक माणूस फिरकलं नाही."

"ते मेलं मीच," ताई म्हणाल्या. "चुकलं माझं. आज एक बाई चिठ्ठीसाठी माझ्याशी भांडली, म्हणून आले. दुपारी तीनला तिला पाठवते. जागा ठेवाल?"

"तुमच्याशी भांडली?" त्यांनी ताईंना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मग ठेवतो."

परतताना ताईंना स्वतःची लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त त्या निळ्या पिशवीवाल्या बाईचे उपकार वाटत होते. तिनं हटकलं नसतं, तर राखणीच्या नावाखाली एका खऱ्या दाराला त्यांनीच कुलूप घातलं असतं.

ती त्याच खुर्चीत, तशीच ताठ बसलेली होती.

"खरी आहे," ताईंनी दारातूनच सांगितलं. मग जवळ बसून सगळं सांगितलं. बायका दोन, दोघी जुन्या. माणूस फटकळ, पण सरळ. जिन्यात उजेड कमी, कठडा धरून चढायचं. कागद मूळ देऊ नका, ते मागतही नाहीत. "तीन वाजता बोलावलंय. जाऊबाईंना मी फोन करू का?"

ती उठली नाही. ताईंकडे पाहत राहिली.

"तुम्ही वरपर्यंत गेलात?"

"गेले तर."

"आतलं दारसुद्धा बघितलंत?"

"कडी लावून बघितली."

तिनं पिशवीत हात घातला, काहीच न काढता पुन्हा बाहेर घेतला. डोळे भरले होते, पण आवाज स्वच्छ होता. "माझं लग्न ठरलं, तेव्हा घर बघायला कोणी गेलं नव्हतं. मामांनी सांगितलं, माणसं चांगली आहेत म्हणे. त्या एका 'म्हणे'वर गेले मी."

ताईंनी विचारलं, "कशी निघाली माणसं?"

"चांगली निघाली," ती म्हणाली. "पण ते मला तिथे गेल्यावर कळलं."

मग तिनं ताईंचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला, सोडला, आणि पत्ता पुन्हा एकदा स्वतःशीच मोठ्यानं म्हणत बाहेर पडली.