मागे फक्त सामान

मी रागीट आहे, हे मला कुणी नव्याने सांगायला नको. पण त्या दिवशी गॅरेजात मी जे बोलले, त्यातला एक शब्दही मागे घेणार नाही.

आमच्या ह्यांनी निवृत्त झाल्यावर आपली क्रूझर मोटारसायकल लांबच्या प्रवासासाठी नीट करायला दिली होती. दोघांनी तिच्यावरून समुद्रापर्यंत जायचं, वाटेत वाटेल तिथं थांबायचं, हे लेकीच्या लग्नाआधीपासून ठरलेलं. महिनाभर घरात दुसरा विषय नाही. हँडल वर घेऊन जवळ आणायचं म्हणजे खांदे भरून येत नाहीत, फूटरेस्ट पुढे न्यायचे म्हणजे गुडघे आखडत नाहीत, वाऱ्यासाठी पुढे उंच काच. ताटावर बसून हात लांब करून करून मला दाखवायचे. मी म्हणायचे, "अहो, आधी जेवा. हँडल कुठं पळून जात नाही."

मी तरी काय कमी हुरळले होते? जाडजूड जाकीट आणलं, हातमोजे आणले. त्या फळीसारख्या टणक मागच्या सीटवर बसून बसून माझ्या कंबरेचा पार भुगा झालाय. आता मागेही मऊ सीट होणार म्हणून मी खूश.

गॅरेजवाला मास्तर एक नंबरचा हट्टी. गाडीवर जे जे बसणार, त्या सगळ्यांना स्टँड काढून वर बसवल्याशिवाय तो गाडी देत नाही. वजन पडल्यावर गाडी किती दबते ते बघून मागचे शॉकअप आवळतो. हे मला ह्यांनीच सांगितलं होतं. म्हणून हे निघाल्यावर पाठोपाठ मीही जाकीट घालून तिथं हजर.

हे गाडीवर बसले होते, उंच काचेमागे, ऐटीत. पाठ टेकायला उशी काय, गुबगुबीत सीट काय! मागे मात्र तीच जुनी फळी, आणि तिच्यावर सामान बांधायचे पट्टे.

"सरका पुढे," मी म्हटलं. "माझं वजन बघायचं राहिलंय."

मास्तर गोंधळला. "वहिनी, तुम्ही पण जाणार? दादा तर म्हणाले, मागे फक्त सामान. मी त्याच हिशोबाने शॉकअप आवळलेत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सामान? अहो, मी सामान?"

"अगं, तुझी कंबर... एवढा प्रवास झेपला नसता."

"आत्ता बरी आठवली कंबर! इतकी वर्षं खड्ड्याखड्ड्यांतून नेलीत, तेव्हा कुठं होती? आणि मला सांगणार कधी होता? गाडी सुरू झाल्यावर?"

शेजारचा दुकानदार बाहेर येऊन बघायला लागला. "तमाशा आहे का इथं?" मी म्हटल्यावर मुकाट्याने आत गेला. मास्तर उगाच स्वच्छ पाने पुसत बसला.

"घरी बोलू," हे म्हणाले.

"घरी नाही, इथंच. खरं काय ते सांगा."

हे गाडीवरून उतरले. हेल्मेट हातात धरून, त्याच्याकडेच बघत म्हणाले, "मला थोडे दिवस शांत हवं होतं. कुणाचा आवाज नको. तुझा म्हणून नव्हे. कुणाचाच."

म्हणे कुणाचाच! घरात आवाज करणारं दुसरं आहे कोण? मला रडू फुटलं, आणि रडू फुटलं म्हणून राग आणखी भडकला. मी ओरडते म्हणून यांच्या गोळ्या वेळेवर पोटात जातात. मी ओरडले नसते तर ही गाडीसुद्धा अजून अंगणात धूळ खात पडली असती!

"मास्तर," मी म्हटलं, "ती मागची सीट काढा. सबंध काढा. सामानाला चांगली ऐसपैस जागा करून द्या यांना."

मास्तरने ह्यांच्याकडे पाहिलं. हे हेल्मेटचा पट्टा चाचपत राहिले.

तो खाली बसला. पहिला बोल्ट निघाला. मी ह्यांच्या तोंडाकडे बघत होते. नुसतं 'राहू दे' म्हणाले असते, तरी मी मनसोक्त भांडून घरी गेले असते आणि रात्री गरम जेवायला वाढलं असतं. दुसरा निघाला. एवढंसं बोलायला काय जीभ झिजणार होती?

शेवटचा बोल्ट गंजलेला, काही केल्या फिरेना. मास्तर घामाघूम झाला. मान वर करून म्हणाला, "दादा, हा काही निघत नाही. राहू दे का?"

तेव्हा ह्यांनी हेल्मेट खाली ठेवलं. पुढे आले, वाकले, आणि मास्तरला जोर लावता यावा म्हणून दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून ठेवली.