अल्बमात नसलेली बासरी

“बासरी कोणत्या गाण्यात हाये जी?”

करडीच्या पुष्पाबाईंनी दुसऱ्यांदा विचारले, तेव्हा मधुकररावांनी चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता. मोहाडीतल्या त्यांच्या ओसरीवर पुष्पाबाई ताठ बसल्या होत्या आणि मांडीवर भंडाऱ्याच्या दैनिकाची रविवारची पुरवणी उघडी होती. मधुकररावांच्या ‘सूरपारख’ या सदराभोवती त्यांनी लाल पेनाने चौकट काढली होती.

“अल्बमात पाच गाणे हायेत. आमी सात बायका अन् एक खंजिरी. बस. अन् तुमी लिवलं, ‘बासरीचा हळुवार वापर मनाला भुरळ घालतो.’ मी पाचई गाणे चार डाव ऐकले बाबूजी. बासरी सापडून नाही राहिली.”

बासरी होती, पण ती चित्रात. पुष्पाबाईंच्या भाच्याचा, सचिनचा, तुमसरला छोटा स्टुडिओ आहे. आत्याची रोवणीची, म्हणजे भातलावणीची, गाणी त्याने भरून घेतली आणि मोबाइलवर टाकताना, जरा शोभा यावी म्हणून, हिरव्या धानात बासरी वाजवणारा कृष्ण उभा केला. मधुकररावांनी तो कृष्ण पाहिला आणि परीक्षण लिहून टाकले.

मधुकरराव तहसील कार्यालयातून निवृत्त झालेले बाबू. हे सदर ते बावीस वर्षे लिहीत होते. आधी कॅसेटी यायच्या, मग सीडी, मग पेनड्राइव्ह, आता नुसती लिंक येते. भजने, लग्नगीते, दंडारीची गाणी, जे येईल त्याला ते शेवटी ‘श्रवणीय’ म्हणत. वाईट लिहायची सोय नव्हती, कारण ज्याच्याबद्दल लिहायचे तो बुधवारी बाजारात वांगी घेताना शेजारीच उभा असायचा. तीन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा कान पार गेला आणि डाव्याला सगळे रजईतून आल्यासारखे ऐकू येऊ लागले. तेव्हापासून ते चित्र पाहून, गाण्यांची नावे वाचून आणि बायकोच्या चेहऱ्यावरून अंदाज घेऊन लिहीत. तीन वर्षांत ते कोणाच्याही लक्षात आले नाही, यावरून आधीच्या परीक्षणांचीही कल्पना यावी.

कानाचे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. बाजारात लोक त्यांना ‘सूरपारखवाले’ म्हणून रामराम घालत. सदर गेले तर ते नुसते पेन्शनवाले उरणार होते, आणि मोहाडीत पेन्शनवाले चिक्कार आहेत.

“मले राग नाही आला,” पुष्पाबाई म्हणाल्या. “पण चाळीस वर्सं झाले, रोवणीत गाणं म्हणून राहिली. कोणी चांगलं म्हणलं नाही, कोणी वाईट म्हणलं नाही. रोवणं सरलं का गाणं सरते. पयल्यांदा कोणीतरी पेपरात सांगनार होतं, कसं हाये ते. अन् त्यानं बासरीवर लिवलं.”

हे मधुकररावांना निम्मेच ऐकू आले, पण तेवढे पुरले. त्यांना मनापासून लाज वाटली. दुर्गाबाई चहा घेऊन आल्या आणि सवयीप्रमाणे नवऱ्याच्या डाव्या बाजूला उभ्या राहिल्या.

“सांगून टाका ना आता,” त्या म्हणाल्या. “कवालोक लपवान?”

“मले ऐकू येत नाही,” मधुकरराव म्हणाले. ते इतक्या मोठ्याने म्हणाले की समोरच्या घरातले कोणीतरी दारात आले.

पुष्पाबाईंनी थोडा वेळ हिशेब लावला. “कवापासून?”

“तीन वर्सं झाले.”

“मंग मागच्या साली आमच्या गोमाजीच्या भजनाले श्रवणीय कसं म्हणलं? मी म्हणो, याईले तो फाटका आवाज गोड कसा लागला.”

दुर्गाबाईंना असे हसू फुटले की चहा बशीत सांडला. पुष्पाबाईही हसल्या, आणि मग मधुकररावांना हसावेच लागले. चहा संपवून पुष्पाबाई उठल्या. पुरवणीची घडी करत त्यांनी मधुकररावांच्या डाव्या कानाजवळ तोंड नेले.

“डोळे तं चांगले हायेत ना? परवा माह्या बांधीत रोवणं हाये. येऊन पाहा.”

तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मधुकरराव करडीला गेले. सोबत वही, छत्री आणि दुर्गाबाईंनी दिलेला डबा होता. बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, घोट्याच्या वर पाणी होते. पऱ्ह्यांच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, जुड्या जागोजाग टाकलेल्या होत्या, आणि सात बायका ओळीने वाकून मागे मागे सरकत रोवत होत्या. मधुकरराव कडेच्या धुऱ्यावर, मातीच्या बांधावर, बसले. पुष्पाबाईंनी अल्बमातले पहिले गाणे उचलले आणि बाकीच्यांनी धरले, हे त्यांना तोंडांच्या हालचालीवरून कळले. कानात नुसती गुणगुण येत होती.

मग त्यांना हात दिसू लागले. सातही हात एकदम पाण्यात जात होते आणि एकदम वर येत होते. कडव्याच्या शेवटी सगळ्या बायका एका वेळी अर्धे पाऊल मागे जात. समोर रोपांची ओळ दोरी लावल्यासारखी सरळ उमटत होती. मधुकररावांनी बावीस वर्षांत ‘ताल’ हा शब्द निदान हजार वेळा लिहिला असेल. तो नजरेला पडला तो त्या दिवशी, आणि वही उघडायचे त्यांच्या ध्यानात राहिले नाही.

दुसरे आणि तिसरे गाणे तसेच गेले. चौथ्याला हातांचा घोळ झाला. ओळीच्या टोकाची बाई, गुड्डी, मागे पडली, तिच्या शेजारणीने दोन रोपे जवळजवळ खोचली, आणि ओळीला मध्येच पोट आले. पाचव्या गाण्यात पुन्हा सगळे सुरळीत झाले. मधुकररावांना राहवले नाही. पायजमा दुमडून तेही बांधीत उतरले आणि एक जुडी मागून घेतली. त्यांनी वीसेक रोपे रोवली. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

जेवताना ते पुष्पाबाईंना म्हणाले, “चार गाणे चांगले हायेत. चौथं जमलं नाही.”

आजूबाजूच्या बायका घास घ्यायच्या थांबल्या. मधुकररावांनाही वाटले, आपण हे काय बोलून बसलो. बावीस वर्षांत कोणाला तोंडावर असे म्हटले नव्हते.

“काहून?” पुष्पाबाईंनी विचारले.

“त्या गाण्यात तुमची ओळ वाकडी झाली. हात पुरून नाही राहिले गाण्याले.”

पुष्पाबाईंनी बांधीकडे पाहिले. मग त्यांचा चेहरा असा उजळला, जणू कोणीतरी शालश्रीफळ दिले.

“आईकलं का वं?” त्या बाकीच्यांना म्हणाल्या. “सचिन म्हणे, आत्या, मोबाइलवाल्याईले जलद पायजे, चौथं जलद म्हण. मले तवाच वाटलं होतं, हे आपलं गाणं नाही. पण सांगनार कोन?” आणि त्यांनी आपल्या डब्यातली माशाचा मोठा तुकडा मधुकररावांच्या भाकरीवर ठेवली.

त्या संध्याकाळी मधुकररावांनी लिहिले, ‘मागच्या रविवारी या सदरात बासरीचे कौतुक झाले. अल्बमात बासरी नाही. सदरलेखकाला उजव्या कानाने ऐकू येत नाही, डाव्याने थोडे येते. म्हणून ही गाणी त्याने करडीच्या बांधीत बसून पाहिली.’ पुढे जमलेल्या चार गाण्यांबद्दल लिहिले, चौथे का फसले तेही लिहिले. ‘श्रवणीय’ हा शब्द कुठेही आला नाही.

पुरवणीचे काम पाहणाऱ्या नीलेशचा फोन आला. दुर्गाबाईंनी स्पीकर लावून फोन डाव्या कानाशी धरला.

“काका, कानाचं काढून टाकू का? लोक हसतील.”

“हसू दे.”

“आणि सदराचं... हे छापल्यावर पुढं चालवता नाही येणार, काका.”

“मले समजते ना बापा. छाप तू.”

रविवारी ते जसेच्या तसे छापून आले. खाली बारीक अक्षरात होते की पुढच्या आठवड्यापासून हे सदर दुसरे कोणी लिहील. मधुकररावांनी ती ओळ दोनदा वाचली आणि त्यांना वाईट वाटले. बुधवारी बाजारात मात्र लोकांनी रामराम घातला तो पूर्वीसारखाच, फक्त आता डावीकडे येऊन.

आठवड्याने पुष्पाबाईंचा फोन आला. “सदर गेलं म्हणे तुमचं. जाऊ द्या. उद्या शेवटची बांधी हाये. चौथं गाणं सुधरवलं, सचिन पुन्हा भरनार हाये. पन आधी तुमी पाहा.”

मधुकरराव गेले. या वेळी वही घेतली नाही. सात बायका वाकल्या. गाणे आता संथ असावे, कारण हात सावकाश खाली जात होते आणि एकाच वेळी वर येत होते. गुड्डी मागे पडली नाही. ओळ या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत सरळ गेली. पुष्पाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि काही न विचारता त्यांच्याकडे पाहू लागल्या.

मधुकरराव धुऱ्यावर उभे राहिले.

“चांगलं हाये,” ते म्हणाले, इतक्या मोठ्याने की पलीकडच्या बांधीतले बगळे उडाले. पुष्पाबाईंनी मान हलवली आणि खाली वाकून पुढची जुडी सोडली.