उजवीकडून मोजणी

"वैनी, ह्ये काम मी आता करत न्हाई," संगणकाचा डबा पोत्यातून बाहेर काढता काढता केरबा म्हणाला.

नाही म्हणणाऱ्या माणसाचा हात स्क्रू ड्रायव्हरकडे गेला होता. लीलाबाईंनी ते पाहिले आणि त्या बाकड्यावर निवांत बसल्या. तासगावहून पहाटेच्या एसटीने, मांडीवर डबा धरून त्या साताऱ्याला केरबाच्या दुरुस्तीच्या दुकानात आल्या होत्या. त्यांचे यजमान मानसिंग आणि केरबा फौजेत चौदा वर्षे एकाच सिग्नल कंपनीत होते. मानसिंग गेल्या दिवाळीत वारले. पेन्शनीत आल्यावर त्यांनी हा संगणक बेदाण्याच्या शेडमध्ये ठेवला होता. हंगामात रोज संध्याकाळी त्याच्यापुढे बसून ते चार वाक्ये बोलून साठवत. वारे कुठले, ढग किती, माल जाळीवर अजून किती दिवस ठेवायचा. असे बारा हंगाम झाले. आता संगणक चारदा बटण दाबावे तेव्हा एकदा सुरू होई आणि आतून टकटक करी.

"पोरगं म्हणतंय, नवा घिऊ. घ्या की! पण ह्यांचा आवाज त्यात कुठनं यायचा?" लीलाबाई म्हणाल्या. "ह्ये म्हणायचे, कायबी बिघडलं तर केरबाकडंच जा."

मेलेल्या मित्राने शब्द टाकल्यावर माणूस काय करणार? केरबाने झाकण उघडले. आतल्या हार्ड डिस्कच्या कडेला हळदीचा पिवळा पट्टा होता.

"ह्ये काय, वैनी?"

"खंडेनवमीला ह्ये झाकण काढून धूळ पुसायचे, मी हळद लावायची. चाललं न्हाई व्हय?"

"लय चांगलं चाललं," केरबा म्हणाला. मग डिस्कची हालत सांगून टाकली. "आतली ही डबी शेवटाला आलीया. एकदा वाचू देईल, दुसऱ्यांदा देईल का सांगता येत न्हाई. नव्या डबीवर नक्कल करायची तर एकदाच. म्हणून म्हणतो, दुसऱ्या कुणाकडं न्या."

खरे कारण वेगळे होते. केरबा सीमेवर असताना त्याची बायको शेवंता पत्राऐवजी कॅसेट पाठवायची, कारण तिला लिहिता येत नव्हते. म्हैस व्याली, पोराला दात आला, तुमची आठवण येती, सगळे तिच्या आवाजात. केरबाने त्या कॅसेटी संगणकात घेतल्या आणि टाकून दिल्या. पुढे नवी डिस्क आणली आणि नक्कल करताना भरलेलीवर कोरी उमटवली; सगळे आवाज पुसले गेले. सव्वीस वर्षे परेडवर 'दाहिने से गिनती कर' ऐकलेला माणूस. टेबलावरच्या डिस्क त्याने उजवीकडून मोजल्या, यंत्राने डावीकडून. शेवंता तेव्हा हसली होती. "आता समोर बसून सांगती की," म्हणाली. दोन वर्षांनी तीच गेली. तेव्हापासून नकलेचे काम आले की केरबा गिऱ्हाइकाला शेजारच्या स्वानंदीकडे धाडायचा. तिचे झेरॉक्सचे दुकान होते.

आज मानसिंगच्या शब्दाखातर तो स्वतःच बसला, तर स्वानंदीच नकलेची सॉफ्टवेअरे भरलेला पेन ड्राइव्ह घेऊन आली. "काका, हे पहिलं सॉफ्टवेअर वापरा. पंचवीस मिनिटांत होतं. दोन क्लिक, बस."

"चुकायलाबी दोनच लागतात, बाळ."

दुसरे सॉफ्टवेअर दिसायला देखणे होते, पण त्याला आधी मोबाइल नंबर हवा होता, मग ओटीपी. केरबाने तेही बंद केले. तिसरे जुने, काळ्या पडद्याचे, संथ. जुन्या कारकुनासारखे प्रत्येक गोष्ट दोनदा विचारणारे. वाचता आले नाही ती जागा ते नोंदवून पुढे जाई, आणि कोणतीही डिस्क पुसण्याआधी तिच्यावर छापलेल्या नंबराचे शेवटचे चार आकडे टाइप करायला लावी. केरबाने तेच निवडले. स्वानंदीने कपाळाला हात लावला आणि ती गेली.

केरबाने दोन्ही डिस्क जोडल्या, पडद्यावरच्या यादीतली एक ओळ निवडली. "वैनी, पुसायची ती नवी. तिच्यावरचं शेवटचं चार आकडं वाचा."

लीलाबाई चौथी शिकलेल्या होत्या. नवी डिस्क डोळ्यांजवळ धरून त्यांनी वाचले, "नऊ, शून्य, दोन, सहा."

केरबाने टाइप केले. यंत्राने नाकारले.

"नीट वाचा की!"

"नऊ, शून्य, दोन, सहा. नीटच हाय. मशीन काय म्हणतंय?"

"चार, सात, एक, आठ."

लीलाबाईंनी दुसरी डिस्क जराशी तिरकी करून पाहिली. "आवं भावजी, चार-सात-एक-आठ तर ही हळदीची!"

केरबाने पुन्हा उजवीकडून मोजले होते. तो खुर्ची मागे सरकवून उठला. "मला न्हाई जमायचं."

"बसा," लीलाबाई म्हणाल्या. "मी वाचती, तुमी बडवा. चूक घावली न्हवं? मग?"

तो बसला. त्याने दुसरी ओळ निवडली. त्या एकेक आकडा वाचत गेल्या, तो मोठ्याने परत म्हणत टाइप करत गेला. या वेळी यंत्र काही बोलले नाही, कामाला लागले. पाच तास लागले. मधे दोघांनी भाकरी खाल्ली आणि मानसिंगच्या खोड्या आठवल्या.

चारच्या सुमारास केरबाने नव्या डिस्कवरचा शेवटचा आवाज लावला.

"आज वारं पश्चिमेचं. ढग न्हाईत. माल अजून दोन दिस जाळीवर. लीला, च्या ठेव."

लीलाबाई उठून उभ्याच राहिल्या. मग आपण कुठे आहोत ते ध्यानात येऊन हळूच खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावला. केरबा उगीच वायर गुंडाळत राहिला.

निघताना त्या म्हणाल्या, "नव्या डबीला खूण पायजे. हळद हाय का?"

केरबाने फडताळातून शेवंताचा हळदी-कुंकवाचा करंडा काढला.

"तुमीच लावा. मी आता अशी..." लीलाबाई थांबल्या.

"डबी तुमची हाय, वैनी. मी कशाला लावू?"

त्यांनी बोट बुडवले आणि नव्या डिस्कच्या कडेला सरळ पट्टा ओढला. केरबा स्टँडपर्यंत सोडायला गेला. तासगावची पाचची गाडी त्यांना मिळाली.

दुकानात परतल्यावर केरबाने टेबलाचा खालचा खण उघडला. फडक्यात गुंडाळलेली एक डिस्क त्यात होती. शेवंताच्या आवाजातले आता तिच्यात काही नाही हे त्याला ठाऊक होते. करंडा अजून उघडाच होता. त्याने हळदीचे बोट तिच्या कडेला ओढले, सुकेपर्यंत ती हातात धरली आणि फडके नीट गुंडाळून पुन्हा खणात ठेवली.