झडती

बाईंनी बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि कॉपी करणाऱ्यांना पळता भुई थोडी केली. त्यामुळे नवऱ्याची साखर चढू लागली, तेव्हा त्यांचा संशय लगेच जागा झाला.

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. मूत्रपिंडं थकल्यापासून घरीच पोटाचं डायलिसिस चाले: दिवसातून चारदा पिशवीतलं पाणी नळीवाटे पोटात सोडायचं, काही तासांनी काढून टाकायचं. महिन्यापूर्वी पायांवर सूज आली म्हणून डॉक्टरांनी जरा तीव्र पिशवी दिली. सूज उतरली, साखर मात्र चढली. फोनवर विचारून विचारून इन्सुलिन अठरा युनिटांवरून तीसवर गेलं.

"चोरून काय खाताय?"

"काही नाही, बाई." घरात तोही त्यांना बाईच म्हणायचा.

"काही नाही म्हणणारेच सापडतात!"

बाईंनी त्याचे खिसे उलटे केले, दुकानातले खण उपसले. निघाले ते नुसते काटे आणि स्प्रिंगा. तो बाजूला उभा राहून बघत राहिला. हल्ली तो अर्धं ताट तसंच ठेवायचा. बाहेर पोट भरल्यावर घरी भूक कुठून लागणार, असं बाईंनी मनाशी पक्कं केलं.

तपासणीच्या दिवशी त्यांनी सिस्टरपुढे तक्रारींचा पाढा वाचला. सिस्टरनं डायलिसिसच्या नोंदींची वही चाळली.

"चोर हे नाहीत, पिशवी आहे. ह्या पाण्यात साखरच असते, अंगातलं जादा पाणी ओढून घ्यायला. थोडी रक्तात उतरते. तीव्र पिशवीतून जास्त. आम्हीच आधी नीट सांगायला हवं होतं."

डॉक्टरांनी एक पिशवी बदलली, इन्सुलिनच्या वेळा नव्यानं बसवल्या. मग वजनाचा आकडा पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "इतकं कसं उतरलं?"

तो चपलांकडे बघत म्हणाला, "निम्मंच जेवत होतो. म्हटलं, साखर उतरली तर हिची खात्री पटेल."

ती अर्धी ताटं बाईंनीच रोज उचलली होती.

बसथांब्यावर त्या म्हणाल्या, "चुकलं माझं."

"असू दे. आकडेच तसे होते."

"आकड्यांचा काय दोष? मी उत्तर आधी लिहिलं आणि मग गणित मांडलं."

तो हसला नाही. म्हणाला, "खिसे उलटे केलेस ना, तेव्हा फार लागलं मला."

"कळतंय," बाई म्हणाल्या. बस आली तेव्हा त्यांनी त्याचा हात धरला आणि त्याला आधी चढू दिलं.