हलका बाण

मित्रांनो, मी एक जुने शिकारीचे धनुष्य आहे. आता माझे दोन तुकडे झाले आहेत, तेव्हा माझी कहाणी थोडक्यातच ऐका.

एका शिकाऱ्याने मला स्वतःच्या हाताने तासले. झुडपांतून नेता यावे म्हणून बुटके ठेवले, आवाज होऊ नये म्हणून दोरीला लोकरीचे गोंडे बांधले, आणि रानडुकराच्या बरगडीत बाण शिरावा म्हणून इतके कडक केले, की घरात दुसऱ्या कोणाला मी ओढवत नसे. माझे बाणही जाडजूड. आम्ही जोडीने पुष्कळ रान तुडवले.

मग त्याची मुलगी नेमबाजी शिकू लागली. तिचे धनुष्य उंच, रंगीत. त्याला नेमाची खूण, तोल सांभाळायला पुढे लांब दांडा. ओढायला हलके, कारण दिवसभर त्याच त्या वर्तुळावर बाण सोडायचे असतात. बाण तर पेन्सिलीहून बारीक. त्याच्या शेजारच्या खुंटीवर मी अगदीच गावंढळ दिसे.

"बाबा, तुमच्या धनुष्याने एकदा माझा बाण मारू?" ती विचारायची.

"तुझा बाण माझ्या धनुष्याला लावायचा नाही."

एवढे बोलून तो उठून जाई. बोलण्यात तो पहिल्यापासून कंजूष. तिला वाटे, बाबांना आपला खेळ म्हणजे पोरखेळ वाटतो. पदके मिळाली तरी ती त्याला दाखवत नसे.

खरे कारण त्याने फक्त बायकोला सांगितले होते. "जाड बाण धनुष्याचा सगळा जोर घेऊन जातो. तिच्या काडीला तो पेलणार नाही. उरलेला जोर लाकडात शिरेल, आणि ते फुटून पोरीच्या तोंडावर येईल."

पुढे तो वारला. एका दुपारी ती मला अंगणात घेऊन आली आणि तिने आपला बाण लावला.

"बघा बाबा," ती म्हणाली.

मला ओरडावेसे वाटले, पण मला तोंड कुठे होते? सरावाने घट्ट झालेल्या तिच्या हातांनी मला पुरते ओढले. हे त्याने बघायला हवे होते. बाण सुटला आणि मी कडाडून फुटले. माझी ढलपी तिच्या गालात घुसली, डोळ्याच्या जरा खाली.

आई कापूस घेऊन धावली. रक्त पुसता पुसता म्हणाली, "याचीच धास्ती होती गं त्यांना." आणि तिने सगळे सांगितले.

मुलीने माझे तुकडे मांडीवर घेतले. "मग मला का नाही सांगितलं?"

आईने मान खाली घातली. तिनेही कधी सांगितले नव्हते.

मित्रांनो, मी तुटले याचे मला काही नाही. पण ज्याला 'नको' म्हणाल, त्याला का नको तेही सांगत जा. त्या घरात एक वाक्य बोलायचे राहिले, आणि पोर इतकी वर्षे बापाच्या मायेला तिरस्कार समजत राहिली.