दोन, आठ आणि मी

मी एक कवडी बोलतेय. साधीसुधी नव्हे, सोडियमच्या अणूतली अकरावी. हसू नका.

सवाई बेटाच्या किनाऱ्यावरून मला उचललं तिरेसाने. गावच्या शाळेतली हुशार पोर. समुद्रापलीकडच्या आपिया शहरातल्या मोठ्या शाळेसाठी एकाच मुलाची निवड व्हायची होती, आणि त्यासाठी हिने अणू करायला घेतला. मधे करवंटी, ते अणुकेंद्र. भोवती तारेची तीन कडी. पहिल्यावर दोन कवड्या, दुसऱ्यावर आठ, आणि पार बाहेर एकटी मी. आम्ही इलेक्ट्रॉन.

तो अणू घरातल्या खांबाला टांगला. इथल्या घरांना भिंती नसतातच, त्यामुळे सगळं दिसतं. मी काही मुद्दाम बघत नाही!

तिरेसाला वाढवलं मासिनामावशीने. ही बाई रस्त्याने जाणाऱ्यालाही "ये, जेवून जा" म्हणून हाका मारणार. एकटं कुणी बसलेलं तिला बघवत नाही. मला बघून म्हणाली, "अगं बाई, हिला एकटीलाच बाहेर?" आणि मला आठजणींत कोंबलं!

तिरेसा ओरडली, मला परत बाहेर बांधलं. मावशी "बरं बरं" म्हणाली. आणि निवडीच्या सकाळी, पोर अणू फडक्यात गुंडाळून आंघोळीला गेली तेवढ्यात, मावशीने मला पुन्हा आत घातलं! सांगू तरी कुणाला?

शाळेत फडकं काढलं. योसेफा मास्तरांनी कवड्या मोजल्या. "दुसऱ्या कड्यावर नऊ?"

तिरेसा पांढरी पडली. मग दारात उभ्या मावशीकडे बघून तिने मला सोडवलं.

"मावशी, तिथे आठच मावतात. नववीला जागाच नाही. हिची ऊर्जा जास्त, म्हणून ही बाहेर, आणि आतली ओढ हिला कमी. म्हणून तर ही सुटून क्लोरीनकडे जाते. तेव्हा कुठे मीठ होतं."

"म्हणजे जाणारच ही?"

"जाणार गं."

मावशी हातानेच डोळे पुसू लागली. मास्तर म्हणाले, "मासिनाताई, पोरीला आपियाला धाडायची तयारी करा."

तिरेसा गेली त्याला महिना झाला. मी खांबाला, बाहेरच्या कड्यावर. मावशी आता मला आत ढकलत नाही. पण रोज माझ्यासमोर उकडलेल्या अळकुडीचा तुकडा ठेवते आणि विचारते, "जेवलीस का गं?"

मुंग्या लागल्यात मला! मासिनाबाई, हात जोडते. मी कवडी आहे. फोन पोरीला करा.