मूळ साधनांचे दहा गुण

विद्यार्थ्यांच्या इतिहास परिषदेत परीक्षक म्हणून बसले की माझा पारा चढतोच. न पाहिलेल्या कागदांचे दाखले ही मुलं बेधडक ठोकून देतात!

पाचवी मुलगी जुन्या महापुरावर बोलत होती. तिने पडद्यावर एका नावाड्याच्या पत्रातल्या ओळी दाखवल्या. त्या माझ्याच पहिल्या पुस्तकातल्या होत्या.

“मूळ पत्र पाहिलंस?” मी विचारलं.

“हो मॅडम, दप्तरखान्यात. स्वतः हाताळलंय.”

धडधडीत खोटं! ते पत्र कुठेच नाही. तीस वर्षांपूर्वी ते मीच रचलं होतं.

शेजारचे परीक्षक माझ्याकडे वळले. “तुम्हीही पाहिलंय ना ते?”

मी गुणपत्रिका पुढे ओढली.

“पाहिलंय तर!” म्हणत मी ‘मूळ साधने’च्या रकान्यात दहापैकी दहा लिहिले.